उलट दिशेचा तांडा : 'वॅगन्स ईस्ट!' आणि वाट चुकलेल्यांचा विनोद

प्रस्तावना

हॉलिवूडच्या वेस्टर्नपटाला दिशा असते. नायक, खलनायक, गाव, वैराचे कारण हे सारे बदलत राहते. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाण्याची ओढ मात्र या चित्रपटप्रकाराच्या पायातच घातलेली असते. जेम्स क्रूझ यांच्या 'द कव्हर्ड वॅगन' (१९२३) या मूकपटाने कापडी छताच्या गाड्यांच्या तांड्याला पडद्यावर महाकाव्याची भव्यता दिली. राउल वॉल्श यांच्या 'द बिग ट्रेल' (१९३०) या बोलपटाने तीच भव्यता अधिक रुंद पडद्यावर मांडली. नद्या, वाळवंटे, हल्ले, बर्फ यांपैकी काहीही आडवे आले तरी तांडा शेवटी पोहोचतो, हा या कथांचा अलिखित करार होय.

१९९४ साली प्रदर्शित झालेल्या पीटर मार्कल दिग्दर्शित 'वॅगन्स ईस्ट!' या विनोदी वेस्टर्नपटाने हा करार उलटा केला. पश्चिमेत येऊन वसलेले, पण तेथील जगण्याला विटलेले काही लोक गाड्या जुंपून पुन्हा पूर्वेकडे निघतात, एवढीच त्याची मूळ कल्पना. कल्पना लहान असली तरी एका संपूर्ण चित्रपटप्रकाराला प्रश्न विचारण्याचे सामर्थ्य तिच्यात होते. प्रत्यक्षात समीक्षकांनी हा चित्रपट जवळजवळ एकमुखाने नाकारला, प्रेक्षकांनीही त्याकडे पाठ फिरविली आणि आज त्याचे नाव निघते ते प्रामुख्याने जॉन कँडी या विनोदी नटाच्या चित्रीकरणादरम्यान झालेल्या मृत्यूमुळे. प्रस्तुत लेखाचा हेतू या चित्रपटाची वकिली करण्याचा नाही. तो फसला आहे हे गृहीत धरून, इतकी सकस कल्पना नेमकी कोठे वाया गेली याचा शोध येथे घेतला आहे.

वाट चुकणे ही विनोदाला नेहमीच मानवणारी अवस्था आहे. मराठी मुलखात रात्रीच्या वाटसरूला 'चकवा' लागतो आणि तो पहाटेपर्यंत एकाच झाडाभोवती फिरत राहतो. ऐकणाऱ्याला हसू येते, फिरणाऱ्याच्या मात्र तोंडचे पाणी पळालेले असते. शारीर विनोदाचे, म्हणजे ज्याला 'स्लॅपस्टिक' म्हटले जाते त्या आपटण्या-धडपडण्याच्या विनोदाचे, सारे बळ या दोन अनुभवांतील अंतरावर अवलंबून असते. फिरणाऱ्याचे भय खरे नसेल, तर हसणाऱ्याचे हसूही पोकळ ठरते. वाट चुकण्याची किंमत कोणी आणि कशाने मोजली, हे दाखविण्याची तयारी विनोदकाराजवळ आहे की नाही, या एकाच कसोटीवर पुढील विवेचन आधारलेले आहे.

वाटेचा इतिहास

मिसूरी नदीच्या काठापासून ऑरेगनपर्यंतची वाट सुमारे ३,२०० किलोमीटरांची होती. १८४० च्या दशकापासून १८६९ साली आंतरखंडीय लोहमार्ग पूर्ण होईपर्यंत ऑरेगन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे जाणाऱ्या वाटांवरून सुमारे ४ लाख माणसे गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. चित्रपटांत घोड्यांची रेलचेल असली तरी बहुसंख्य गाड्यांना बैल जुंपलेले असत आणि माणसे बहुधा गाडीशेजारून पायीच चालत, कारण गाडी धान्याने आणि सामानाने भरलेली असे. मृत्यूचे मोठे कारण पटकी हे होते. मूलनिवासींचे हल्ले, ज्यांच्यावर वेस्टर्नपटाचे अर्धे नाट्य उभे आहे, त्या मानाने फारच कमी जीव घेणारे ठरले.

या वाटेवरून माघारी फिरणारेही होते. अर्ध्या वाटेतून परतलेल्यांची भाषाच वेगळी होती. आपण 'हत्ती पाहिला' असे ते सांगत. ज्या अद्भुताच्या ओढीने निघालो ते पाहिले आणि पुरे झाले, असा त्याचा अर्थ. १८६२ च्या कायद्याने प्रत्येक अर्जदाराला १६० एकर सरकारी जमिनीचा हक्क देऊ केला, परंतु कमी पावसाच्या प्रदेशात तेवढ्या जमिनीवर कुटुंब जगविणे अनेकांना साधले नाही. पुढे दुष्काळांच्या वर्षांत पश्चिम कॅन्सस आणि नेब्रास्का येथून कितीतरी कुटुंबे पूर्वेकडे परतली. तेव्हा 'वॅगन्स ईस्ट!' ची कल्पना केवळ गमतीखातर रचलेला विपर्यास नव्हे, तिला इतिहासाचा आधार आहे. वेस्टर्नपटाने या परतलेल्यांना सहसा जागा दिली नाही, हेही ओघानेच आले.

वाट चुकलेल्यांमध्ये सर्वांत कुप्रसिद्ध ठरला तो १८४६ सालचा डोनर तांडा. इलिनॉयमधील स्प्रिंगफील्ड येथून एप्रिलमध्ये निघालेल्या डोनर आणि रीड कुटुंबांनी, वाटेत सामील झालेल्या इतर कुटुंबांसह, लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज याने सुचविलेली आडवाट धरली. हेस्टिंग्जने १८४५ साली स्थलांतरितांसाठी मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्यात ही जवळची वाट सुचविली होती, पण पुस्तक लिहिले तेव्हा तो स्वतः त्या वाटेने गेलेला नव्हता. वाट जवळची नव्हतीच. वासॅच पर्वतात झाडे तोडून रस्ता करण्यात आठवडे गेले, मिठाच्या वाळवंटात बैल मेले आणि तांडा सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी पोहोचला तेव्हा खिंड बर्फाने बंद झाली होती. ८७ जणांपैकी ४८ च्या आसपास वाचले. उकडलेली कातडी संपल्यावर वाचलेल्यांपैकी काहींनी मृतांचे मांस खाल्ले, ही गोष्ट जगभर पोहोचली.

त्यामानाने कमी सांगितली जाते ती लुईस आणि साल्व्हादोर यांची गोष्ट. हे दोघे मिवॉक जमातीचे तरुण. सटर यांच्या गढीवरून खेचरांवर अन्न लादून ते या तांड्याच्या मदतीला आले आणि बर्फात त्यांच्याबरोबरच अडकले. मदत आणण्यासाठी डिसेंबरमध्ये जी तुकडी खिंडीपलीकडे निघाली, तिच्यात ते होते. मेलेल्यांचे मांस त्यांनी नाकारले. आपल्याला मारण्याचा बेत चालला आहे हे कळल्यावर ते पळाले. काही दिवसांनी थकून पडलेले सापडले तेव्हा त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या भीषण हिवाळ्यात खाण्यासाठी म्हणून ठार मारली गेलेली माणसे ही दोनच. वाट चुकले ते एक लोक, आणि किंमत मोजली ती वाट माहीत असलेल्यांनी.

उकडलेला बूट

डोनर तांड्याच्या हकिगतीतून विनोद निर्माण होऊ शकतो, असे सांगितले तर ते विकृत वाटेल. परंतु चित्रपटसृष्टीतील श्रेष्ठ विनोदी कृतींपैकी एक नेमकी तेथूनच आली. चार्ली चॅप्लिन यांनी आत्मचरित्रात नोंदविल्याप्रमाणे 'द गोल्ड रश' (१९२५) ची प्रेरणा दोन ठिकाणांची होती : क्लोंडाइकच्या सोनेशोधकांची दुहेरी छायाचित्रे आणि डोनर तांड्यावरचे वाचन. चित्रपटाचे कथानक अलास्काच्या सीमेवरचे असले, तरी बर्फाच्या खिंडीतून चढणाऱ्या माणसांच्या रांगेचे प्रारंभीचे दृश्य चित्रित झाले ते सिएरा नेवाडातील ट्रकी गावाजवळ, म्हणजे डोनर तांडा जेथे अडकला त्याच परिसरात.

बूट उकडून खाण्याचा प्रसंग सर्वपरिचित आहे. तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा बनविला होता, हेही अनेकदा सांगितले जाते. चर्चा सहसा चॅप्लिन यांच्या अभिनयापाशी थांबते : खिळे हाडांसारखे चोखणे, नाडी शेवयांसारखी काट्यावर गुंडाळणे, तळवा पाहुण्याला आणि वरचे कातडे स्वतःला असा वाटपाचा शिष्टाचार. यात उपासमारीची थट्टा नाही. भुकेने माणसाची सभ्यता हिरावून घेऊ नये म्हणून चाललेली धडपड आहे आणि हसू त्या धडपडीचे आहे.

त्याहून महत्त्वाची बाब पुढच्या दृश्यांत आहे आणि ती पुरेशी लक्षात घेतली जात नाही. बूट खाल्ल्यानंतर त्या पायात बूट राहत नाही. पुढे गावात आल्यावर, नृत्यगृहात, प्रेयसीसमोर, हा भटक्या एका पायाला चिंध्या गुंडाळूनच वावरतो. भुकेची खूण शरीरावर राहते. प्रेमाचा प्रसंग चालू असतानाही ती चिंध्यांची गाठोडी पडद्यावर दिसत राहते. सामान्य प्रहसनात एका दृश्यातील मार दुसऱ्या दृश्यात पुसला जातो. येथे तो पुसलेला नाही.

नरमांसाचा प्रश्नही चॅप्लिन टाळत नाहीत. भुकेने भ्रमिष्ट झालेल्या बिग जिमला (मॅक स्वेन) समोरचा सोबती कोंबडीसारखा दिसू लागतो आणि तो बंदूक उचलतो. कोंबडीच्या सोंगात चॅप्लिन स्वतःच आहेत. प्रेक्षक हसतो तेव्हा आपण कशाला हसतो आहोत हे त्याला पुरते ठाऊक असते. बंदूक घेऊन धावणाऱ्या माणसापुढून पळणारा दुबळा सोबती, हे चित्र वरील दोन मिवॉक तरुणांच्या शेवटाशी किती जवळ जाते! चॅप्लिन यांच्या मनात ते होते असा दावा करण्यास आधार नाही. पण हकिगतीचे मूळ भय त्यांनी पातळ केले नाही, इतके निश्चित म्हणता येते.

दारूडा वाटाड्या

या पार्श्वभूमीवर 'वॅगन्स ईस्ट!' कडे पाहिले म्हणजे त्यातील उणीव स्पष्ट होते. १८६० च्या दशकातील पश्चिमेत फिल टेलर (रिचर्ड लुईस) हा पूर्वाश्रमीचा डॉक्टर, बेल (एलन ग्रीन) ही वेश्या, ज्युलियन (जॉन सी. मॅकगिन्ली) हा समलिंगी पुस्तकविक्रेता आणि त्यांच्यासारखेच कंटाळलेले इतर लोक परतण्याचा निश्चय करतात. त्यांना वाट दाखविण्यासाठी मिळतो तो जेम्स हार्लो (जॉन कँडी) हा दारूत बुडालेला वाटाड्या. लोक परतू लागले तर जमिनींचा बाजार कोसळेल म्हणून लोहमार्गाचे मालक या तांड्याच्या मागे एक भाडोत्री बंदूकबाज लावतात.

यातील शेवटचा धागा विशेष मोलाचा आहे. १८६२ च्या लोहमार्ग कायद्यानुसार कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंना सरकारी जमिनीचे पट्टे मिळाले आणि ते विकले जाण्यासाठी वसाहतकऱ्यांचा ओघ अखंड राहणे त्यांच्या हिताचे होते. परत फिरणारा माणूस हा या व्यवहारात केवळ पराभूत नसून धोकादायक साक्षीदार असतो. पटकथेला हे दिसले आहे. परंतु दिसले एवढेच. बंदूकबाज पुढे फजितीचे निमित्त होऊन राहतो आणि त्याला पाठविणाऱ्यांचा हिशेब मागे पडतो.

हार्लोचे गुपित उघड होते तेव्हा मात्र चित्रपटाचा मुख्य दोष समोर येतो. डोनर तांड्याचा वाटाड्या हाच होता, हे सहप्रवाशांना कळते. विनोदी कल्पना म्हणून ती उत्तम आहे. ज्याच्या भरवशावर निघालो त्याची कीर्ती ही! पण पटकथा तिचा उपयोग एका धक्क्यापुरता करते. हार्लो दारू का पितो याचे उत्तर त्या एका नावात आहे आणि तरीही त्या हिवाळ्याची सावली ना त्याच्या जेवणावर पडते, ना बर्फाकडे पाहण्याच्या त्याच्या नजरेवर. भुकेला येथे चिंध्यांची गाठोडी लाभत नाही.

शिवाय या कल्पनेने इतिहासही सोयीस्करपणे बदलला आहे. डोनर तांड्याला त्या आडवाटेवर व्यावसायिक वाटाड्याच नव्हता. हेस्टिंग्ज दुसऱ्या तांड्याबरोबर पुढे निघून गेला होता आणि मागे चिठ्ठ्या सोडत होता. विनोदी चित्रपटाने इतिहास जसाच्या तसा मांडावा अशी अपेक्षा अर्थातच नाही. परंतु येथील बदल नेमका गमतीच्याच विरोधात जातो. तांड्याची वाट चुकविली ती एका छापील पुस्तकाने, पश्चिमेची जाहिरात करणाऱ्या पुस्तकाने. 'वॅगन्स ईस्ट!' च्या तांड्यात एक पुस्तकविक्रेता आहे, आणि अशी पुस्तके विकणाऱ्या माणसालाच त्यांच्यावर विसंबून निघावे लागले असते तर केवढा विनोद साधला असता! त्याऐवजी ज्युलियनच्या वाट्याला त्याच्या लैंगिकतेवरची ठरावीक हालचाल आणि ठरावीक आवाज येतो. सामूहिक फसवणुकीचा दोष एका दारूड्याच्या माथी मारला की हसणेही सोपे होते आणि विसरणेही.

कँडी यांचा अभिनय या सर्वांत वेगळा उठून दिसतो. 'प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाइल्स' (१९८७) मध्ये घरी पोहोचू न शकणाऱ्या प्रवाशाचा सोबती त्यांनी रंगविला होता. त्यातील बडबड्या, लोचट माणसाच्या आत दडलेले एकटेपण आजही मन हलविते. हार्लोमध्येही तेच भांडवल होते. अवाढव्य देह, त्याला न शोभणारी हळुवार नजर, अपराधी थबकणे. काही दृश्यांत तो क्षणभर गप्प बसतो आणि या माणसाने काहीतरी पाहिले आहे असा भास होतो. लगेच पुढचा कोलांटीचा प्रसंग येतो. मेक्सिकोतील दुरांगो येथे चित्रीकरण चालू असताना ४ मार्च १९९४ रोजी कँडी यांचे निधन झाले. ते ४३ वर्षांचे होते. उरलेला भाग पटकथेत फेरफार करून आणि बदली नट वापरून पूर्ण करण्यात आला. उत्तरार्धातील विस्कळीतपणाचे काही खापर या आघातावर फोडता येईल, सारे नाही. चित्रपटाची वाट त्याआधीच चुकली होती. चार वर्षांनी आलेल्या 'ऑलमोस्ट हीरोज' (१९९८) या क्रिस्टोफर गेस्ट यांच्या चित्रपटाची आठवण येथे अपरिहार्य आहे. लुईस आणि क्लार्क यांच्या आधी प्रशांत महासागर गाठू पाहणाऱ्या मूर्खांच्या मोहिमेत तसाच स्थूल, तसाच कोवळ्या मनाचा नट क्रिस फार्ली होता, आणि तोही प्रदर्शनापूर्वीच, १९९७ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी गेला.

एका गाडीचे रिंगण

वेस्टर्नपटातील तांड्याचा विनोद बेतशीर जागेत किती दूर जाऊ शकतो, हे मेल ब्रुक्स यांच्या 'ब्लेझिंग सॅडल्स' (१९७४) मधील एका लहानशा पूर्वस्मृतीत दिसते. हल्ला होताच तांड्यातील गाड्या नेहमीप्रमाणे रिंगण करतात. पण मागून येणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाला गोऱ्यांच्या रिंगणात घेतले जात नाही. तेव्हा त्यांची एकटी गाडी स्वतःचेच रिंगण करू लागते, म्हणजे एकाच जागी गोल गोल फिरत राहते. हाच तो चकवा. फक्त येथे तो भुताने घातलेला नाही, सहप्रवाशांनी घातलेला आहे. ब्रुक्स स्वतः मूलनिवासी प्रमुखाच्या वेषात येतात, यिद्दिश बोलतात आणि त्या कुटुंबाला जाऊ देतात. दोन-तीन मिनिटांच्या या दृश्यात रिंगणाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा वेस्टर्नपटाने कधी न विचारलेला प्रश्न हशासकट येऊन जातो. उरलेला चित्रपट याच उंचीवर राहतो असे नाही, पण तो वेगळा विषय आहे.

मूकपटाच्या काळात बस्टर कीटन यांनी 'द पेलफेस' (१९२२) मध्ये फुलपाखरे पकडत भरकटलेला माणूस तेलवाल्या ठगांनी जमीन बळकावलेल्या जमातीत नेऊन सोडला होता. जमातीचे चित्रण आज खटकते. तरीही खलनायक कोण याबद्दल कीटन यांच्या मनात संदेह नाही.

'वॅगन्स ईस्ट!' मधील सर्वांत चांगला प्रसंगही मूलनिवासींच्या संदर्भातलाच आहे. वाट चुकलेला तांडा सू लोकांच्या प्रदेशात शिरतो. हल्ल्याची अपेक्षा असते. पण हे गोरे पश्चिमेकडे येत नसून परत चालले आहेत हे समजताच प्रमुखाला मनापासून आनंद होतो आणि तो सोबतीला संरक्षण देऊ करतो. दिशा उलटताच शत्रुत्वाचे कारणच नाहीसे होते. एका विनोदाने शंभर वेस्टर्नपटांचे कथानक निकालात निघते. प्रमुखाची भूमिका रसेल मीन्स यांनी केली आहे. १९७३ साली वूंडेड नी येथे ७१ दिवस चाललेल्या आंदोलनाचे हे ओग्लाला लकोटा नेते. परतणाऱ्या गोऱ्यांना निरोप देताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते त्याला अभिनयापलीकडचे वजन आहे. दुर्दैवाने दिग्दर्शक तेथे रेंगाळत नाही.

तेथे रेंगाळण्याचे धैर्य सोळा वर्षांनी केली राइकार्ट यांनी 'मीक्स कटऑफ' (२०१०) मध्ये दाखविले. स्टीफन मीक या वाटाड्याने १८४५ साली ऑरेगनच्या वाळवंटात भरकटविलेल्या तांड्यावर आधारलेला हा चित्रपट विनोदी नाही. पण बढाईखोर वाटाड्या, आटत चाललेले पाणी, पुरुषांच्या मसलती दुरून ऐकणाऱ्या बायका, ही सामग्री प्रहसनाचीच आहे. प्रारंभीच एक तरुण वाळलेल्या ओंडक्यावर चाकूने एकच शब्द कोरतो : हरवलो. पुढे तांड्याच्या हाती एक मूलनिवासी माणूस लागतो. त्याची भाषा कोणालाच येत नाही. तो पाण्याकडे नेतो आहे की मृत्यूकडे, हे ठरविता येत नाही. आपली शिवण उसवलेली पायताणे एमिली (मिशेल विल्यम्स) त्याला शिवून देते, ती दयेपोटी नव्हे, आपले काही ऋण त्याच्यावर राहावे म्हणून. शेवटी एक अर्धे हिरवे, अर्धे वाळलेले झाड लागते. तांडा तेथे थांबतो, मीक आपला अधिकार सोडून देतो. तो मूलनिवासी माणूस मात्र मागे वळून न पाहता माळावर चालत राहतो आणि एमिली झाडाच्या फांद्यांतून त्याच्या पाठीकडे पाहत असतानाच चित्रपट संपतो.